वसती आणि अवस्थान

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आम्हांला फोन येऊ लागतात. पुण्या-मुंबईकडे स्थायिक झालेले जुने वर्गमित्र, चर्चासत्रात एकदाच भेटलेले कुणी प्राध्यापक, क्वचित एखादा कवी. विचारपूस होते, महागाई भत्त्याची चर्चा होते आणि मग मूळ मुद्दा येतो. "मेळघाटात राहायची सोय कुठे होईल? शक्यतो नदीकाठी. तंबू टाकता आला तर उत्तमच." परतवाड्यात मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना याचे उत्तर ठाऊक असलेच पाहिजे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. आम्हीही इतकी वर्षे उत्तर देत आलो. गेल्या हिवाळ्यात मात्र त्या उत्तराबद्दलच आम्हांला शंका वाटू लागली. ती येथे मांडतो.

आमचे ठरलेले उत्तर असे. परतवाड्याहून धारणीचा रस्ता धरावा. बिहालीनंतर घाट लागतो, घटांगला चहा घ्यावा, तेथून पुढे सेमाडोह. सेमाडोहला वनखात्याचे पर्यटक संकुल आहे. त्याच्या पुढे कोळकास. तेथील विश्रामगृह सिपना नदीच्या वळणावर आहे. दोन्हीकडचे आरक्षण अगोदर करावे लागते. ते न मिळाल्यास चिखलदऱ्याला जावे. तेथे महामंडळाच्या निवासापासून खाजगी लॉजपर्यंत सर्व काही मिळते. अकोटकडून येणाऱ्याने नरनाळ्याच्या पायथ्याचे शहानूर पाहावे. तंबूचा विचार मात्र सोडून द्यावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेशच नाही, आणि जंगलाला धोका होईल असा विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे.

खरे तर तंबूची हौस आम्ही समजू शकतो. आमचे गावच मुळी तंबूंतून उभे राहिलेले. येथे एलिचपूरची छावणी होती, आणि 'अचलपूर कॅम्प' हे नाव अजूनही पत्त्यावर चालते. त्याहीआधी, १८०३ च्या डिसेंबरात, गाविलगड घ्यायला आलेल्या वेलस्लीच्या फौजेने याच डोंगराच्या पायथ्याशी तळ दिला होता. तळ, छावणी, पडाव, डेरा, मुक्काम, उतारा, बिऱ्हाड, वस्ती : राहण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. प्रत्येकात किती काळ राहायचे आणि कोणत्या अधिकाराने, याचा हिशेब दडलेला आहे. हा हिशेब आम्ही वर्गात अनेकदा शिकवला होता. स्वतःला लावून पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी एम. ए. च्या वर्गाला महानुभाव वाङ्मय शिकवताना आम्ही 'स्थानपोथी' विस्ताराने घेतली. चौदाव्या शतकातील हा ग्रंथ वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे अभ्यासकांच्या हाती आला. विद्यार्थ्यांना तो प्रथम रुक्ष वाटतो, कारण त्यात कथा जवळजवळ नाहीच. श्रीचक्रधर कोठे थांबले, ते देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, त्याच्या कोणत्या अंगाला मढ होता, दार कोठे होते, एवढेच. पण त्यातील भेद बारीक आहेत. एका रात्रीचा मुक्काम ती वसती, अधिक दिवसांचे वास्तव्य ते अवस्थान. नुसते बसले असतील तर तेवढीच नोंद. अशा स्थानांवर पुढे ओटे बांधले गेले आणि आजही लोक त्यांना नमस्कार करतात. अचलपूरजवळचे अष्टमासिद्धी आणि मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही त्यांपैकी आमच्या घराजवळची. जो पंथ सतत फिरत राहण्याला धर्म मानतो, त्यानेच राहण्याच्या जागांची एवढी काटेकोर पोथी लिहावी, याचे आम्हांला नेहमी नवल वाटत आले.

त्या पाठाची सांगता जंगलात करावी, असे ठरले. दोन रात्री कोळकासला राहायचे, नदीकाठी बसून 'लीळाचरित्र' वाचायचे. आरक्षण पाहिले तेव्हा त्या आठवड्यातील सर्व खोल्या भरलेल्या होत्या. सेमाडोहलाही तेच. विद्यार्थी हिरमुसले. चौदा जणांना घेऊन अखेर चिखलदऱ्याला जायचे आणि एक दिवस सिपनाकाठच्या रस्त्याने फिरून यायचे, अशी तडजोड झाली. घटांगच्या चहावाल्याने आमची चर्चा ऐकली असावी. तो म्हणाला, "जाऊ द्या न सर. थंडीत लेकरं कुडकुडतीन तिकडं." सगळे हसले.

हसली नाही ती एक कोरकू विद्यार्थिनी. वर्गात फार न बोलणारी. गाडीत बसताना ती आमच्यापैकी एकीला म्हणाली, "मॅडम, माह्या आजीचं गाव तिकडंच होतं, आतमधी. पहिले असतं तर सगळे तिथंच राह्यलो असतो. आता थे गाव नाही."

या एका वाक्याने आमची सहल बदलली.

माहिती आम्हांला नव्हती असे नाही. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९८७ मध्ये गुगामळ राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे गाभा क्षेत्रातील गावे हलवण्यास सुरुवात झाली. बोरी, कोहा आणि कुंड ही पहिली, नंतर वैराट, चुर्णी, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट आणि इतरही. २००८ मध्ये प्रत्येक कुटुंबाला दहा लाख रुपयांचा मोबदला ठरला होता. ही गावे गेली तेथे आज गवताची कुरणे आहेत, हरणे-सांबरे चरतात, त्यांच्यामागे वाघ येतो. संरक्षणाच्या दृष्टीने हे यश आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. बालमृत्यूंच्या बातम्या वर्षानुवर्षे वाचलेल्या आम्हांला हेही ठाऊक आहे की रस्ता, दवाखाना, शाळा मिळावी म्हणून काही कुटुंबे आपणहून बाहेर पडली. पण सर्वांचे समाधान झाले नाही. अकोट-तेल्हाऱ्याकडे वसवलेल्या गावांतील अनेक जण पुढे जंगलात परत गेले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा पोलीस व वनकर्मचाऱ्यांशी संघर्ष झाला. दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले.

यापुढे आमची स्वतःची गोष्ट ठेवून पाहू. २०१२ च्या जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनाला तात्पुरती बंदी घातली होती. तेव्हा केवढी चर्चा झाली! ऑक्टोबरमध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि बंदी उठली. गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागात पर्यटन चालेल, तेथील कायमस्वरूपी पर्यटक सुविधा टप्प्याटप्प्याने बंद होतील, असे ठरले. म्हणजे पाहुण्यांचा मुक्काम तीन महिन्यांच्या आत परत मिळाला. घरच्या माणसांची वस्ती उठली ती उठलीच. वसतीला परवाना आणि अवस्थानाला मोबदला, असा हा व्यवहार आहे. दोन्हींच्या बाजूने युक्तिवाद करता येतील. पण जेथून कुणी उठून गेले आहे तेथेच आपण एक रात्र मागतो आहोत, हे मागणाऱ्याने निदान जाणले पाहिजे.

त्या दिवशी सेमाडोहच्या पुढे आम्ही सिपनाकाठच्या रस्त्याने गेलो. कोरकू भाषेत सिपना म्हणजे सागवान. नदीचे नावच झाडाचे आहे, हे आम्ही वीस वर्षे या रस्त्याने जाऊनही त्या मुलीकडून प्रथम ऐकले. तिचे गाव रस्त्यावरून दिसण्याचा प्रश्नच नव्हता. ते आत आहे आणि आत जायला आम्हांला परवानगी नव्हती, तिलाही नव्हती. तिने एका डोंगराकडे बोट दाखवले, बस्स.

चिखलदऱ्याला संध्याकाळी थंडी मी म्हणत होती. 'लीळाचरित्रा'चे वाचन बाजूला राहिले. आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले, आपापल्या गावातील एका जागेची नोंद स्थानपोथीच्या रीतीने करा. भावना लिहू नका, दिशा लिहा. तिने जे लिहिले ते आम्ही तिच्या अनुमतीने थोडक्यात सांगतो. रस्ता पूर्व-पश्चिम. दोन्ही अंगांना समोरासमोर घरांच्या ओळी. उत्तरेच्या ओळीत आजीचे घर तिसरे, दार दक्षिणेला. पुढे मुठवा देवाचे दगड. ओढ्याच्या अलीकडे मोहाची दोन झाडे, त्यांपैकी एक वाकलेले. गावाबाहेर मोठ्या झाडाखाली आजोबांचा आणि पणजोबांचा मुंडा, म्हणजे मृताच्या स्मृतीसाठी रोवलेला कोरीव लाकडी खांब. शेवटी एक ओळ : मुंडे तेथेच आहेत.

ती स्वतः त्या गावी कधीच राहिलेली नव्हती. तिच्या जन्मापूर्वी किंवा आगेमागे ते उठले असावे. हे सर्व तिला आजीने तोंडी सांगितलेले. ओळ न चुकता, घर न चुकता.

आम्ही त्या रात्री बराच वेळ बोलत बसलो. स्थानपोथी का लिहिली गेली असेल, याचे उत्तर आम्ही इतकी वर्षे श्रद्धा या एका शब्दात देत होतो. ते चूक नव्हे, पण अपुरे आहे. माणसे निघून गेल्यावर जागा आपोआप लक्षात राहत नाही. पाहिलेल्याने सांगावे लागते, ऐकलेल्याने लिहावे लागते, आणि तेही दिशा-अंतरासकट. नाहीतर गवत वाढते. जे काम पंथाच्या अनुयायांनी आपल्या स्वामींसाठी केले, ते ही मुलगी आजीसाठी करीत होती. तिच्या पोथीतील स्थानांवर ओटे बांधले जाणार नाहीत, एवढाच फरक.

आता फोन आला तर आम्ही काय सांगतो? रस्ता तोच सांगतो. कोळकास, सेमाडोह, न जमल्यास चिखलदरा. या, अवश्य या. तुमच्या येण्यावर मार्गदर्शक, जिप्सीचालक आणि खानावळ चालवणारी कोरकू व गवळी माणसे काही अंशी जगतात. तंबू आणू नका, विस्तव पेटवू नका, रात्री गाणी लावू नका. मागाल ती वसतीच मागा. आणि सिपनाकाठी बसून "येथे कायमचे राहावे" असे वाटू लागले, जे प्रत्येकाला वाटते, तर क्षणभर थांबून एवढे विचारा की येथे कायमचे कोण राहत होते.

परवा एका मित्राने हे ऐकून घेतले आणि काहीसा अवघडून म्हणाला, "अरे, मी फक्त दोन दिवसांसाठी विचारत होतो." आम्हीही इतकी वर्षे दोन दिवसांचेच उत्तर देत आलो होतो. असो. त्या मुलीचा कागद आम्ही विभागाच्या कपाटात, स्थानपोथीच्या प्रतीत ठेवला आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गाला दोन्ही एकत्र शिकवायचे आहेत.