कळी खुलायच्या आत...

नारळीभात खाताना तुमचंही असंच होत असेल. मस्त घास घ्यावा आणि नेमकी दाताखाली लवंग यावी! मग ती जिभेने हळूच बाहेर ढकलायची आणि ताटाच्या कडेला लावून ठेवायची. जेवण संपेपर्यंत माझ्या ताटाला लवंगी माळ लागलेली असायची. याच लवंगेसाठी मी एक दिवस आफ्रिका गाठेन, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर आई आधी हसली असती आणि मग तिने विमानाचं भाडं विचारलं असतं.

त्याचं झालं असं, की मी ग्राफिक डिझायनर. नव्या वन बीएचकेच्या भिंतीसाठी काहीतरी हटके शोधत होते आणि हाती लागली एका जुन्या जर्मन चित्राची प्रिंट. क्योलरचा औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १८८७ मध्ये जर्मनीतल्या गेरा शहरातून निघाला. त्यातलं हे लवंगेचं पान. चकचकीत हिरवी पानं, गुलाबी कळ्या आणि त्याच फांदीवर उमललेली फुलं, त्यांतून उसळलेले पुंकेसरांचे झुबके. खाली कळीचा उभा छेद, फळ, बी. फोटोत एक क्षण सापडतो. हे चित्रकार मात्र झाडाचं अख्खं वर्ष एका कागदावर बसवायचे. कामातली सफाई बघून मी खल्लास!

पण एक गोष्ट खटकली. आई वाण्याला बजावते, “डोक्यावर फूल असलेली लवंग द्या हं.” चित्र नीट पाहिलं तर ते फूल नव्हेच. चार निदलांच्या टोकांमध्ये बसलेला तो गोळा म्हणजे मिटलेल्या पाकळ्या. डब्यातली लवंग ही वाळलेली कळी असते. मग चित्रातलं फूल गेलं कुठे? तेच बघायला गणपती विसर्जनानंतर मी सुट्टी टाकली आणि निघाले झांझिबारला.

स्टोन टाउनबद्दल फार लिहीत नाही. अरुंद गल्ल्या, पितळी गोंड्यांचे नक्षीदार दरवाजे, संध्याकाळी समुद्रावर ग्रिल केलेला मासा, सगळं झक्कास आहे. आणि हो, फ्रेडी मर्क्युरी १९४६ मध्ये इथेच जन्मला आणि शिकला आपल्या पाचगणीत! इथली ‘स्पाइस टूर’ही छान असते. जायफळ दाखवतात, नारळाच्या झावळीची टोपी विणून डोक्यावर ठेवतात. पण खरी लवंग बघायची तर छोट्या विमानात बसून अर्ध्या तासावरच्या पेंबा बेटावर जायला हवं.

पेंबाच का, याचं उत्तर एका वादळात आहे. लवंग मूळची इंडोनेशियातल्या मलुकू बेटांची. डचांनी सतराव्या शतकात मक्तेदारीसाठी तिथली नको तिथली झाडं तोडून टाकली. १७७० मध्ये फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती झांझिबारला रुजली आणि ओमानच्या सुलतान सईदने लवंगेचा धडाकाच लावला. बागांत राबत होते ते गुलाम. इथला गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. गुलामी कायद्याने संपायला १८९७ साल उजाडलं. स्टोन टाउनमध्ये बाजाराच्या जागी आता चर्च आहे. तिथे उभं राहिल्यावर लवंगेचा रोमँटिक वास जरा घशात अडकतो. तर १८७२ च्या वादळाने मुख्य बेटावरच्या बहुतेक बागा झोपवल्या. पेंबा त्यातून बरंचसं वाचलं आणि लवंगेचं बेट झालं.

पेंबात लवंग दिसायच्या आधी तिचा वास येतो. रस्त्याच्या कडेला चटया अंथरलेल्या आणि त्यांवर कळ्या पसरलेल्या. एका चटईवर हिरव्या-गुलाबी, पुढच्या घराशी विटकरी, त्यापुढे आपल्या ओळखीच्या काळपट. आमची ‘गारी’ प्रत्येक चटईला वळसा घालून जात होती. (स्वाहिलीत मोटारीला गारी म्हणतात आणि दुकानाला दुका. उगाच घरच्यासारखं वाटतं.)

ज्यांच्या बागेत गेलो त्या आजोबांना सगळे ‘बाबू’ म्हणत होते. बाबू म्हणजे स्वाहिलीत आजोबाच. एक मुलगा तीन मजली उंचीच्या झाडावर अनवाणी उभा होता. एका हाताने आकड्याच्या काठीने फांदी ओढायची, दुसऱ्या हाताने घोस खुडायचे. जाळी नाही, बेल्ट नाही. हौसेने मीही दोन फांद्या चढले. तिसरीने कर्रर्र आवाज केला आणि मी मुकाट खाली. आमच्या ऑफिसात खुर्चीची उंची चुकली तरी मेल जाते.

घाई असते ती कळीची. ती पूर्ण वाढून लाजल्यासारखी गुलाबी झाली की खुडायची. चुकून उमलली तर पाकळ्या गळतात आणि मसाल्याची लवंग म्हणून तिला भाव उरत नाही. शिवाय झाडावरचे सगळे घोस एकदम तयार होत नाहीत. त्यामुळे त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढायचं. संध्याकाळी घरच्या बायका-मुलं बसून देठ वेगळे करतात. मग चार-पाच दिवस ऊन आणि तीन किलो ओल्या मालाची उरते जेमतेम किलोभर लवंग.

मी मोबाइलवर बाबूंना माझ्या भिंतीवरचं चित्र दाखवलं आणि गाइडकरवी म्हटलं, “मला असं फूल बघायचंय.” त्यांनी स्क्रीन जवळ धरली, मान हलवली आणि काहीतरी पुटपुटले. गाइड हसत म्हणाला, “ते विचारतायत, हा बागवान आळशी होता का?”

मी कुठली आहे हे कळल्यावर बाबू एकच शब्द बोलले, “बॉम्बे!” एके काळी त्यांच्या लवंगेचं मोठं गिऱ्हाईक आपण होतो. आणि एकदा आपण ती नाकारलीही होती. १९३७ मध्ये तिथल्या ब्रिटिश राजवटीने निर्यातीसाठी लवंग खरेदीचा मक्ता एका संघाला दिला, तिथले भारतीय व्यापारी अडचणीत आले आणि काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तो पाळला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. मक्ता मात्र पाठ सोडेना. १९६४ च्या क्रांतीनंतरही अनेक दशकं सरकारी कंपनीलाच माल विकायचा, बाहेर विकला तर स्मगलिंग. भाव कोण ठरवणार, या प्रश्नात बाबूंचं उभं आयुष्य गेलंय.

निघताना त्या मुलाने शेंड्याजवळून, हात न पोचणाऱ्या जागेतून राहिलेली एक डहाळी काठीने मोडून खाली टाकली. फूल! पाकळ्या गळालेल्या, नुसता पांढुरका केसरांचा झुबका. हे तर मी दर वर्षी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या बॉनेटवर पडलेलं बघते! आमच्या जांभळाचा मोहोर अगदी असाच असतो. नंतर वाचलं, जांभूळ आणि लवंग एकाच सिझिजियम कुळीतली, सख्ख्या बहिणीच म्हणा ना. इतकी वर्षं जिला शोधत होते, तिची बहीण दारात उभी होती.

येताना दुकानातून अर्धा किलो लवंग आणली. आई घर बघायला आली तेव्हा तिने आधी पुडा उघडून वास घेतला, दोन लवंगा नखाने दाबून तेल सुटतंय का ते पाहिलं आणि पास केलं. मग भिंतीवरच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

“छान आहे गं,” ती म्हणाली, “पण ही वरची सगळी वायाच की.”