केबिनमधलं घर

आमचे अब्बा पिंपळगावहून कांदा भरून वाशीच्या बाजारात नेतात. महिन्यातले वीस दिवस त्यांची गादी, मुसल्ला, स्टोव्ह सगळं ट्रकच्या केबिनमध्येच असतं. यंदा विम्याची मुदत संपत आली तेव्हा हातात पैसा नव्हता. "नुसता थर्ड पार्टी काढू," अब्बा म्हणाले. अम्मी म्हणाली, "तो तर दुसऱ्याच्या नुकसानीसाठी. आपला ट्रक जळाला तर घरही गेलं आणि रोजीही."

आम्ही भावंडं कागद घेऊन बसलो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तिथं घासाघीस चालत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या विम्यात. एका एजंटाचा आकडा फारच स्वस्त होता. पाहिलं तर त्यानं ट्रकची किंमतच कमी धरलेली. अब्बांनी ओळीनं पाच वर्षं एकही दावा केला नव्हता, म्हणजे या भागावर ५० टक्के सवलत. तीही दाखवली नव्हती. मुदत संपून ९० दिवस उलटले असते तर ती सवलत गेलीच असती.

शेवटी दुसरीकडून, पुरी किंमत धरून आणि सवलत लावून पॉलिसी घेतली. हप्ता परवडला.

तुमच्या घरातलं कुणी गाडीवर राहत असेल, तर सही करण्याआधी तीन गोष्टी बघा: गाडीची धरलेली किंमत, सवलत आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा.