साखर नसताना साखरेची गोळी

परवा साताऱ्याहून सांगलीला अक्काकडे गेलो, तर उशीखाली डापाग्लिफ्लोझिनचं न फोडलेलं पाकीट! "मला कुठे साखर आहे? दुकानदार म्हणाला, ही डायबेटीसची."

स्तनाच्या कर्करोगासाठी तिला डॉक्सोरुबिसिन, म्हणजे ते लाल इंजेक्शन, दिलं होतं. गाठ गेली, पण हृदय दुबळं झालं. ही गोळी लघवीवाटे साखर बाहेर टाकते खरी; पण साखर नसलेल्यांच्याही दुबळ्या हृदयाला तिचा उपयोग होतो, हे २०१९ साली मोठ्या चाचणीत दिसलं. केमोबरोबरच दिली तर हृदय आधीच वाचेल का, ते अजून तपासताहेत.

मास्तरकी करून हे सगळं सांगितलं. अक्का म्हणाली, "मग मला कुणी एवढं सांगितलं का नाही?" यावर काय बोलणार! गोळी लगेच घेतली नाहीच. आधी डॉक्टरांना फोन लावायला लावला.