मणी कोरडे करताना

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी, आणि बऱ्याच कारखान्यांना खेटून डिस्टिलरी. आमचं काम तिथलं. मळी आंबवून स्पिरिट काढता येतं, पण ऊर्ध्वपातन वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलवर अडतं. तिथे द्रवात जितकं पाणी, तितकंच वाफेत. मग स्टीम वाढवा नाहीतर कॉलम उंच करा, उपयोग नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल लागतं. पूर्वी हे चिवट पाणी काढायला बेंझिन घालत. आता मॉलिक्युलर सीव्ह आहे.

म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे झिओलाइटचे मणी. त्यांना तीन अँगस्ट्रॉमची छिद्रं. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू तीनहून लहान, तो आत शिरून चिकटतो. इथेनॉलचा चारहून मोठा, तो बाहेरूनच निघून जातो. झिओलाइटमध्ये सोडियम असलं की छिद्र चारचं होतं, पोटॅशियम बसवलं की तीनचं. इथिलीनच्या प्लांटातही वायू सुकवायला हेच तीनचे मणी, कारण त्यांत पाणी जातं, इथिलीन जात नाही. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रव करतात. त्याआधीही पाणी असंच काढावं लागतं, नाहीतर बर्फाने नळ्या तुंबतात.

पण पाणी धरणं मण्यांच्या अंगचंच आहे. आमची कसोटी ते सोडवण्यात. मण्यांचे बेड दोन असतात. एकातून दाबाखाली स्पिरिटची गरम वाफ जाते, तेव्हा दुसरा व्हॅक्यूमखाली कोरडा होतो. काही मिनिटांनी अदलाबदल. पाणी चिकटताना सुटलेली उष्णता मण्यांतच राहते आणि तेच पाणी सोडवायला कामी येते. तयार वाफेतला थोडा भाग बेड धुवायला द्यावा लागतो. तो पाण्यासकट पुन्हा कॉलमकडे जातो. हात आखडला तर मणी ओले राहतात, सैल सोडला तर स्टीम वाया जाते.

वाफेबरोबर थेंब आले किंवा दाब एकदम बदलला, की मणी फुटून भुकटी होते. म्हणून व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा.

नवी पोरं आधी मालाचा टक्का बघतात. तो घसरलेला दिसतो तोवर दुखणं जुनं झालेलं असतं. मी लॉगशीट हातात घेतली की पहिला रकाना व्हॅक्यूमचा वाचतो.