वैशाखात उतरणारा सूर

पियानो पावसाळ्यात बिघडतो असं सगळेच म्हणतात. मी पियानो लावायचं काम करतो आणि माझं म्हणणं वेगळं आहे. पावसाळ्यात पियानो चढतो. बिघडतो तो उन्हाळ्यात.

तारांच्या मागे स्प्रूसची एक पातळ, किंचित फुगीर फळी असते. तिला साउंडबोर्ड म्हणतात. हवेतला ओलावा प्यायली की ही फळी आणखी फुगते, तारांना मागून रेटते, तारा ताणल्या जातात आणि सूर वर सरकतो. सगळ्यात जास्त मधल्या सप्तकात. हवा कोरडी झाली की फळी बसते, तारा सैलावतात, सूर उतरतो. एवढ्यावर थांबलं तर बरंच म्हणायचं, कारण हवा बदलली की तो पुष्कळसा जागेवर येतो. पण कोरडेपणा लांबला की ज्या लाकडात तारांच्या खुंट्या ठोकलेल्या असतात ते लाकूडही सुकतं आणि खुंटीवरची पकड सोडतं. ती पकड मग पुढच्या पावसाळ्यात परत येईलच असं नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातला. पियानोचं काम पुण्या-मुंबईचं, पण उन्हाळ्यात गावी आलो की आजूबाजूच्या भजनी मंडळांच्या पेट्या माझ्याकडे येतात. त्यामुळे दोन्ही वाद्यं एकाच उन्हात बघायची सवय झाली आहे. हिंगोलीचं मे महिन्यातलं ऊन बेचाळीस अंशांपुढे सहज जातं. कयाधू नदीचं पात्र कोरडं पडतं आणि दारं-खिडक्यांच्या चौकटीसुद्धा खिळखिळ्या होतात.

याच हिंगोलीत 1819 पासून 1903 पर्यंत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. वरचे अधिकारी इंग्रज. त्या काळातल्या इंग्रजी घरात दिवाणखान्यातला पियानो ही चैन नव्हती, पद्धतच होती. अशा गावात पियानो घ्यायचा आणि राखायचा म्हणजे काय, हा हिशेब मी कारागीर म्हणून करून पाहतो. पहिला प्रश्न वाटेचा. मुंबईहून हिंगोली पाचशे किलोमीटरच्या वर, सगळी बैलगाडीची वाट. ही वाट कशी होती याचा एक दाखला निजामाच्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने आपल्या 1839 च्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत दिला आहे. हिंगोलीच्या बाजारात हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता आणि खुद्द टेलरचाही त्याच्याशी व्यवहार होता. मुंबईहून कापड आणायचं आहे म्हणून या हरिसिंगाने छावणीतल्या साहेबाकडून परवाना घेतला, वाटेत त्या कापडाच्या खऱ्या मालकाला माणसांसकट मारलं आणि तोच माल त्याच परवान्यावर छावणीत आणून उघड विकला. पकडला गेल्यावर त्यानेच हे कबूल केलं. तेव्हा मुंबईचा माल हिंगोलीत पोचला एवढ्यावरून तो मालकाच्याच हातून पोचला असं धरता येत नसे.

1867 साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली आणि अकोला जवळचं स्टेशन झालं. तिथून वाशिमवरून सव्वाशे किलोमीटर पुन्हा बैलगाडीच. हिंगोलीत रेल्वे आली तोवर छावणी उठून गेली होती. दोनशे किलोचं खोकं, आतून जस्ताचा पत्रा मारलेलं, चाकोरीच्या रस्त्यावर धक्के खात येणार. पत्रा समुद्राच्या दमट हवेसाठी असे. धक्क्यांवर त्याचा काही उपयोग नाही.

विलायती कारखानदारांना हिंदुस्थानची हवा ठाऊक होती. 'उष्ण हवामानासाठी खास' म्हणून ते वेगळे पियानो बनवत. घडण भरीव सागाची. सांधे नुसत्या सरसावर न सोडता स्क्रूंनी आवळलेले, कारण दमट हवेत सरस सुटतो. पट्ट्यांवरचं हस्तिदंतही बारीक पिना मारून बसवलेलं. पाठीमागे कापडाऐवजी पितळी जाळी, म्हणजे उंदीर आणि किडे आत शिरायला नकोत. मला या पियानोंचं कौतुक आहे, पण एक गोष्ट दिसते. यातली बहुतेक काळजी दमट हवेची आणि किड्यांची आहे, म्हणजे कलकत्त्याची आणि मुंबईची. मराठवाड्याच्या वैशाखाला साग आणि पितळी स्क्रू पुरे पडत नाहीत. साउंडबोर्ड स्प्रूसचाच राहतो आणि खुंट्या लाकडातच राहतात.

त्यात आणखी एक भानगड. आज मधल्या सप्तकातला 'ए' 440 कंपनांवर धरतात. तेव्हाचे ब्रिटिश लष्करी बँड तो 452 च्या आसपास धरत, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी चढा. बँडबरोबर जुळवायचा तर पियानो तितका ताणायला हवा. दोनशेच्या वर तारा, एकूण ओढ टनांत मोजायची, आणि ती ओढ झेलणाऱ्या खुंट्या सुकलेल्या लाकडात. छावणीत ट्यूनर कुठला? ज्याला कान आहे आणि ज्याच्याकडे खुंटी फिरवायचं हँडल आहे, तो ट्यूनर.

नवा पियानो लंडनहून किंवा मुंबईच्या दुकानातून येई. मुंबईतलं फुर्ताडो हे वाद्यांचं नाव 1865 पासूनचं. पण छावण्यांमधला खरा बाजार लिलावाचा. साहेबाची बदली झाली की टेबल-खुर्च्या, बग्गी, घोडा आणि पियानो एकाच दिवशी विकायला निघत. तिसऱ्या-चौथ्या हाताचा पियानो घेणारा माणूस झाकणावरची सोनेरी अक्षरं वाचून बोली लावत असणार, कारण आजही लोक तेच करतात. मेकरचं नाव मी शेवटी बघतो.

आधी वरचं झाकण उघडून खुंट्या बघायच्या. खुंटीभोवती लाकडात काळपट कड दिसली तर कोणीतरी कधीकाळी पकड यावी म्हणून तिथे औषध ओतलेलं आहे. मग हँडल लावून खुंटी किंचित फिरवायची. चांगली खुंटी करकरत, अडत फिरते आणि सोडली तिथे थांबते. लोण्यातून फिरल्यासारखी वाटली की समजावं, हा पियानो सूर धरणार नाही. एखाद-दुसरी असेल तर काढून भोकात पॉलिश पेपरची पट्टी घालतो किंवा जाड खुंटी बसवतो. चाळीस असतील तर नमस्कार करून निघतो. साउंडबोर्डची चीर बघून लोक घाबरतात. मी नाही घाबरत, चीर असूनही पियानो छान वाजतो. खालची फळी काढून वाळवीची माती बघायची, पट्ट्यांखाली उंदराचं घरटं आहे का बघायचं, हातोड्यांचं फेल्ट कसरीने कुरतडलंय का बघायचं. जुन्या इंग्रजी उभ्या पियानोत हातोड्यांच्या पुढे डँपरच्या दांड्यांचा पिंजरा असतो. बाजूच्या तारा दाबून धरायला पाचर घालायची तर त्या पिंजऱ्यातून बोटं जात नाहीत. असला पियानो लावताना मी तोंडाने काय काय बोलतो ते इथे लिहीत नाही.

राखण्याचं म्हणाल तर कोकणात दमटपणा घालवायला पियानोच्या पोटात छोटा बल्ब लावून ठेवतात. आमच्याकडे उलटं करावं लागतं. उन्हाळाभर पोटात पाण्याचं भांडं ठेवायचं आणि ते सुकू द्यायचं नाही.

पेटीला यातलं काहीच लागत नाही. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायाने भाता मारायचं वाद्य होतं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास हाताने भाता मारायची, बसून वाजवायची पेटी केली. पितळेची जीभ आपला सूर आपल्यापाशीच ठेवते. लाकूड फुगो की सुको, तिला ताणणारं कोणी नाही. पेटीतही लाकूड सुकतं, पण सूर उतरत नाही, हवा गळते, आणि गळती कातड्याच्या पट्टीने बंद होते.

आमच्याकडचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मस्थान मानतात, त्यामुळे त्या अंगाला भजनी मंडळांची उणीव नाही. अशीच एक पेटी उघडली तर सुरांच्या खाचांत पिवळी पूड बसलेली. पेटी ज्या घरात राहायची तिथेच हळदीची पोती. काळी चारच्या सुराखाली कण अडकला होता, म्हणून पट्टी दाबली की नुसता श्वास यायचा. पातळ पात्याने जीभ उचलून कागदाची कड फिरवली आणि सूर बोलला, पण जरा उतरलेला. जिभेच्या टोकाकडे एक-दोन हात खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो. टोकाला दोनदा पातं ओढलं, फुंकर मारली, शेजारच्या नर सुराशी मिळवून पाहिला. चहा येईपर्यंत काम झालं होतं. पियानोची एक फिरती खुंटी यापेक्षा जास्त वेळ खाते.

रेडिओने 1940 पासून तीसेक वर्षं पेटीला साथीलासुद्धा उभं केलं नव्हतं. सूर पक्के, मींड निघत नाही, श्रुती हलवता येत नाही, हा आक्षेप. आक्षेप खरा आहे, मी तो खोडणार नाही. पण आमच्या गावांत पेटी टिकली ती नेमकी सूर हलत नाहीत म्हणूनच. नाहीतर चैत्रातल्या सप्ताहाला रोज पहाटे काकड्याआधी कोण सूर लावत बसणार?

मध्यंतरी वसमतच्या एका गृहस्थांना जुना उभा पियानो स्वस्तात मिळत होता. मुलीला शिकायचं होतं. मी वैशाखातच बघायला गेलो, कारण विकणारे लोक भादव्यात बोलावतात. खुंट्या बऱ्या होत्या, तारा जुन्या. 440 वर ओढला तर खालच्या दोन-चार तुटणार हे दिसत होतं, म्हणून मी त्यांना एक पूर्ण पट्टी खाली लावून ठेवायचं सुचवलं. म्हणजे मुलगी शिकेल, पण त्याच पट्टीवर वाजवला तर घरातल्या पेटीशी तो जुळणार नाही. त्यांनी जरा विचार केला आणि घेतला. पेटी आजोबांच्या खोलीत गेली.