प्रत कोण सांभाळणार?

ब्लॉकचेन म्हटलं की सगळी माहिती साखळीवरच जाते, असा अनेकांचा समज असतो. ते परवडणारं नाही. इथेरियमवर 32 बाइट्सची नवी नोंद साठवायला 20 हजार गॅस (तिथलं शुल्क मोजायचं एकक) लागतो. त्या दराने एक एमबीच्या स्कॅनचा हिशेब 65 कोटी गॅसच्या पुढे जातो. एका ब्लॉकमध्ये ते मावतच नाही. म्हणून साखळीवर आम्ही फक्त हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, नोंदवतो आणि मूळ फाइल बाहेर ठेवतो, बहुतेकदा आयपीएफएस या अनेक मशीनच्या जाळ्यावर.

आपल्या मुंबईच्या उपनगरांतला पत्ता जागेवरून सांगतात: स्टेशनच्या पूर्वेला, देवळामागे. आयपीएफएसमध्ये पत्ता मजकुरातूनच, त्याच्या हॅशवरून, निघतो. एक अक्षर बदललं की पत्ता बदलला. त्यामुळे अनोळखी मशीनकडून आलेली फाइलही पारखून घेता येते. या कल्पनेवर माझा फार जीव आहे.

पण हॅश फाइलचा खरेपणा सिद्ध करतो, तिला जपत नाही. कुणी ती पिन करून, म्हणजे राखायची अशी खूण करून, ठेवली नाही, तर जागा मोकळी करताना नोड (जाळ्यातलं मशीन) ती पुसून टाकू शकतो. 2020 साली सुरू झालेल्या फाइलकॉइनमध्ये साठवणाऱ्याला पैसे मिळतात आणि फाइल आपल्याकडे असल्याचा पुरावा त्याला वारंवार द्यावा लागतो. तरी करार मुदतीचा; नूतनीकरण माणसालाच लक्षात ठेवावं लागतं.

मी अंधेरीत काम करतो. 26 जुलै 2005 ला जवळच्या सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणून अंधेरीतली आणि घाटकोपरची प्रत मी दोन धरत नाही. एकाच पुरात सापडणाऱ्या प्रती ही एकच प्रत. दुसरी नागपूरला हवी, तिसरी देशाबाहेर. आणि खासगी कागद असेल तर तो आधी कूटबद्ध करायचा, कारण पत्ता हाती लागला की फाइल कुणालाही उघडता येते.

साखळीही कायमची नसते. पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या चाचणी नेटवर्कचं नाव ‘मुंबई’ होतं. 2024 मध्ये ते बंद झालं. त्यावरच्या नोंदी गेल्या; पण ज्या फाइलींच्या प्रती राखलेल्या होत्या, त्या जुन्याच पत्त्यावर मिळत राहिल्या.

2022 मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत 65 हजार जातप्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉन वापरायचं ठरलं. असा कागद माणसाला शाळेपासून नोकरीपर्यंत लागतो. म्हणून प्रत्येक कामाच्या पहिल्याच बैठकीत मी विचारतो: वीस वर्षांनी प्रती कुणाकडे असतील, खर्च कोण करेल? उत्तर करारात लिहून घेतल्याशिवाय माझं काम पूर्ण झालं असं मी मानत नाही.