सॅव्हानाची एक विकाऊ हवेली

प्रवासांत जें पाहावयाचें म्हणून माणूस घरून ठरवून निघतो, तें बहुधा पाहून होतें. पण पुढें मनांत राहतें तें दुसरेंच कांहींतरी. गेल्या मार्च महिन्यांत आम्ही उभयतां अमेरिकेंत अटलांटा येथें मुलीकडे होतों. तेथून मोटारीनें चार तासांच्या वाटेवर, जॉर्जिया राज्याच्या समुद्राकडील टोकाला सॅव्हाना हें जुनें शहर आहे. तेथील चौक आणि झाडें पाहून दुसरे दिवशीं परतावें, एवढाच आमचा बेत होता. तेथें एका विकाऊ हवेलींत आमची सबंध दुपार जाईल, असें कोणी सांगितलें असतें तर आम्ही हसण्यावारीं नेलें असतें.

परंतु आमच्या पेटींत एक कागद होता, तोही येथेंच सांगितला पाहिजे. वाई येथें आमचा वडिलोपार्जित वाडा आहे. तो पाडून त्या जागीं तीन मजली इमारत उठवावी, असा एका बांधकाम करणाराचा प्रस्ताव आला होता. त्याच्या कराराचा मसुदा धाकट्या बंधूंनीं आम्ही निघतांना हातीं ठेवला आणि म्हटलें, "दादा, तिकडे निवांतपणा मिळेल. वाचून ठेवा. परत आलांत कीं सही करूं." निवांतपणा पुष्कळ मिळाला, पण सहा आठवडे तो कागद आम्हीं पेटीबाहेर काढला नव्हता.

सॅव्हाना १७३३ सालीं जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज गृहस्थानें वसविलें. त्याची रचना प्रथम पाहणारास मोठी नवलाची वाटते. मध्यें मोकळा चौक. त्याच्या पूर्वेस व पश्चिमेस प्रार्थनामंदिरें वगैरे सार्वजनिक इमारतींच्या जागा. उत्तरेस व दक्षिणेस मिळून ४० घरांच्या जागा. गांव वाढलें कीं असाच आणखी एक चौक आंखावयाचा, हा तेथील परिपाठ सव्वाशें वर्षें चालला. असे एकंदर २४ चौक झाले आणि त्यांपैकीं २२ आज आहेत. त्यामुळें गांवांत कोठेंही उभे राहा, दोन-तीन मिनिटांत पाऊल सावलींत पडतें.

आणि ती सावली कशी! बारा महिने हिरवे राहणारे ओक वृक्ष दोहों बाजूंनीं फांद्या आडव्या पसरून रस्त्यावर मंडप धरतात, आणि त्या फांद्यांवरून करड्या रंगाच्या लांब जटा लोंबत असतात. या जटांना तिकडे 'स्पॅनिश मॉस', म्हणजे स्पेनचें शेवाळ म्हणतात. परंतु ती वनस्पति स्पेनची नव्हे आणि शेवाळही नव्हे; ती अननसाच्या कुळांतली असून, झाडाचा रस न शोषतां पावसाच्या व हवेंतील ओलाव्यावर जगते. आमच्या मंडळींनीं तीं झाडें पाहतांच म्हटलें, "हे वडच आहेत, फक्त पारंब्या जमिनीला टेकवायच्या विसरले आहेत."

अशाच एका चौकाच्या कडेला, लोखंडी कुंपणावर 'विकणें आहे' अशी पाटी आम्हांस दिसली. रविवार होता, दार उघडें होतें, आणि येणाराजाणारास आंत जाऊन पाहण्याची मुभा होती. घराचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं. तें आज कोणाचें तरी राहतें घर आहे. एवढेंच सांगतों कीं तें १८५० नंतरच्या दशकांतलें असून, कापसाच्या एका व्यापाऱ्यानें बांधविलें होतें. दोहों बाजूंनीं वळत वर जाणारा दगडी जिना चढून दिवाणखान्यांत शिरावें लागतें. रस्ते मातीचे होते त्या काळीं धूळ घरांत येऊं नये, म्हणून मुख्य मजला असा उंचावर घेण्याची तेथें चाल होती. आंत जुन्या पाइन लांकडाची तांबूस जमीन, संगमरवरी आतषदानें, भिंतींत सरकून दिसेनाशीं होणारीं उंच दारें, आणि माडीवर जाणारा असा जिना कीं खालून पाहतां तो कशाच्या आधारावर उभा आहे हेंच कळूं नये. दुरुस्ती इतकी बेमालूम होती कीं नवें कोठें संपलें आणि जुनें कोठें सुरू झालें, हें आम्हांला बोट ठेवून दाखवितां आलें नाहीं. किंमत कित्येक लक्ष डॉलर होती. ती ऐकून आम्हीं गंभीरपणें मान हलविली; आमच्या मंडळींनीं पदर तोंडाला लावला.

विक्रीचें काम पाहणाऱ्या बाई वयस्क व बोलक्या होत्या. आम्ही गिऱ्हाईक नव्हे हें त्यांनीं पहिल्याच क्षणीं ओळखलें असावें. तरी आमच्या प्रश्नांना त्यांनीं मनापासून उत्तरें दिलीं. आम्हीं विचारलें, "एवढ्या मोलाची जागा. घेणारानें उद्यां घर पाडून येथें मोठी इमारत उठविली तर?" त्या म्हणाल्या, "पाडतां यावयाचें नाहीं. खरेदीपत्रांतच तशी अट आहे. आज घेणारावर ती बंधनकारक, आणि त्यानें विकलें तर त्याच्या पुढच्यावरही." आम्ही तेथेंच एका खुर्चीवर बसलों आणि ती सारी हकीकत त्यांच्याकडून ऐकून घेतली.

या शहराचें वैभव कापसावर उभें राहिलें आणि कापसाबरोबरच ओसरलें. विसाव्या शतकाच्या मध्यास येथील हवेल्यांत एकेका खोलींत एकेक बिऱ्हाड राहत होतें, आणि पुष्कळ घरें ओस पडलीं होतीं. येथील जुन्या करड्या विटांना उपनगरांतील नव्या बंगल्यांसाठीं एवढी मागणी आली कीं केवळ विटांसाठीं उभीं घरें पाडण्यांत येऊं लागलीं. पुढें १९५४ सालीं एका चौकांतील जुनी मंडई पाडून तेथें मोटारी ठेवण्याची इमारत उठली. पाठोपाठ १८२० सालचें डॅव्हनपोर्ट यांचें घर पडणार अशी वार्ता आली, तेव्हां गांवांतील सात स्त्रियांनीं एकत्र येऊन २२,५०० डॉलर उभे केले आणि १९५५ सालीं तें घर विकत घेतलें. तेथून 'हिस्टॉरिक सॅव्हाना फाउंडेशन' ही संस्था निघाली.

या संस्थेची रीत आमच्या वाचकांनीं लक्षांत घेण्याजोगी आहे. तिच्याजवळ एक फिरता निधि असतो. धोक्यांत आलेलें घर त्यांतून विकत घ्यावयाचें. घर पाडणार नाहीं, दर्शनी भाग बदलणार नाहीं, अमुक मुदतींत दुरुस्ती करीन, अशा अटी मान्य करणारास तें विकावयाचें. आणि आलेल्या पैशांतून दुसरें घर घ्यावयाचें. घरांचीं संग्रहालयें करीत बसावयाचें नाहीं. त्यांत माणसांनीं राहावें हाच हेतु. या मार्गानें चारशेंहून अधिक इमारती वांचल्या आहेत. १९६६ सालीं जुन्या शहराचा सारा भाग राष्ट्रीय महत्त्वाचा म्हणून जाहीर झाला. आणि ज्या मंडईसाठीं हा सारा संताप उसळला, त्या जागेवरील मोटारींची इमारतही पुढें पाडण्यांत येऊन २०१० सालीं तो चौक लोकांना परत मिळाला. मंडई मात्र परत आली नाहीं.

हें ऐकतांना आमचें चित्त त्या दिवाणखान्यांत राहिलेंच नव्हतें. विकणें आणि मोडणें या दोन गोष्टी एकच नव्हेत, हें साधें वाक्य आमच्या घरीं गेल्या दोन वर्षांत कोणाच्याच तोंडून निघालें नव्हतें.

मग बाईंनीं आम्हांस मागील बाजूस नेलें. बागेपलीकडे विटांची एक दुमजली इमारत होती. खालीं गाड्याघोड्यांची जागा, वर ठेंगण्या छपराच्या खोल्या. छापील माहितींत तिचें वर्णन 'भाड्यानें देण्यास सोयीचें स्वतंत्र लहान घर' असें होतें. आम्हीं विचारलें, "पूर्वीं येथें कोण राहत असे?" बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "गुलाम राहत असावेत. कागदावर तें नाहीं."

वास्तविक जॉर्जिया ही वसाहत स्थापन झाली तेव्हां तेथें गुलामगिरीला बंदी होती. पण १७५१ पासून ती उठली. पुढें १७९३ सालीं याच शहराजवळच्या एका मळ्यावर एली व्हिटनीनें सरकी काढण्याचें यंत्र बनविलें, कापूस सोन्याच्या मोलाचा झाला, आणि तो पिकविणारीं माणसेंही बाजारांतील जिन्नस झालीं. ज्या करड्या विटांचें एवढें कौतुक, त्या नदीकांठच्या मळ्यावर गुलामांनींच थापलेल्या. मार्च १८५९ मध्यें शहराबाहेर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवस एक लिलांव झाला. विकावयाच्या यादींत ४३६ माणसें होतीं, आणि तान्हीं मुलेंही त्यांत होतीं. दोन्ही दिवस पाऊस कोसळत होता. त्या माणसांचे वंशज त्या प्रसंगाला 'रडण्याची वेळ' म्हणत आले. म्हणजे ज्या वर्षांत या चौकाभोंवतीं हवेल्या उठत होत्या, त्याच वर्षांत ही विक्री चालली होती. आणि त्या विक्रीला कसलीही अट नव्हती.

दुसरे दिवशीं आम्हीं मुद्दाम तेथील ओवेन्स-थॉमस यांचें घर पाहिलें. विल्यम जे या इंग्रज शिल्पज्ञानें योजलेलें हें घर १८१९ सालीं पुरें झालें. आतां तें संग्रहालय आहे. त्याच्याही मागें गुलामांच्या खोल्या आहेत, आणि त्यांच्या छताला लावलेला निळा रंग अद्याप दिसतो. या रंगानें भुतेंखेतें दूर राहतात, अशी त्या लोकांची समजूत असे. २०१८ सालीं चालकांनीं संग्रहालयाचें नांवच बदलून त्यांत 'गुलामांचीं घरें' हे शब्द घातले. ती पाटी वाचीत आम्ही पुष्कळ वेळ उभे होतों.

त्या रात्रीं उतरावयाच्या जागीं आम्हीं पेटींतला मसुदा शेवटीं उघडला. त्याला वाड्याचा नकाशा जोडलेला होता. दिंडी दरवाजा, ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, सारें नीट लिहिलेलें. माजघरामागें एक लहानसा चौकोन होता आणि त्यांत अक्षरें होतीं: 'अडगळ'.

ती अडगळीची खोली नव्हे. ती आत्याबाईंची खोली. आत्याबाई आमच्या वडिलांच्या आत्या. नवव्या वर्षीं विधवा होऊन त्या माहेरीं आल्या, आणि पुढचें सारें आयुष्य, केशवपन केलेल्या मस्तकावर आलवणाचा पदर ओढून, त्यांनीं त्या बिनखिडकीच्या खोलींत काढलें. घरांतील प्रत्येक बाळंतीण त्यांनीं न्हाऊ घातली, प्रत्येक लग्नाचे पापड त्यांनीं लाटले, आणि एकाही लग्नांत त्या पुढें आल्या नाहींत. १९६३ सालीं त्या गेल्या तेव्हां आम्ही अकरा वर्षांचे होतों. चार दिवसांनीं त्या खोलींत जुनें सामान ठेवण्यांत आलें. गुलामांच्या दुःखाची आणि आत्याबाईंच्या दुःखाची बरोबरी आम्ही करीत नाहीं. ती कोणीं करूंही नये. पण कागदावरून माणूस पुसून टाकण्याची रीत मात्र दोहोंकडे सारखीच दिसली, आणि त्या रीतींत आमचाही हात होता. त्या खोलीला अडगळ म्हणावयास आम्हीही शिकलोंच होतों.

आम्हीं बंधूंना फोन लावला. तिकडे सकाळ होती. "काय दादा, हवेली विकत घेतलीत कीं काय?" त्यांनीं हसत विचारलें. आम्हीं सारा वृत्तांत सांगितला आणि म्हटलें, "वाडा विकूं, पण मोडणार नाहीं असें लिहून देणारा गिऱ्हाईक शोधूं. निदान दर्शनी बाजू, ओसरी आणि चौक राखण्याची अट घालूं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "दादा, राग मानूं नका. अटी तुम्ही अमेरिकेंत बसून घालतां. गळतीखालीं बादली आम्ही ठेवतों. हिचे गुडघे त्या जिन्यानें गेले. अट घातली कीं भाव उतरणार, आणि म्हातारपणीं आम्हीं कोठें जावयाचें?"

यांत एक अक्षरही खोटें नव्हतें. पुण्यांत राहून दिवाळीस चार दिवस वाड्यावर जाणारानें वाड्याबद्दल हळहळणें फार सोपें असतें. सॅव्हानाच्या त्या सात स्त्रियांनीं नुसती हळहळ केली नव्हती. आधीं पैसे मोजले होते. आम्हीं मंडळींकडे पाहिलें. त्या सारें ऐकत होत्या. त्यांनीं मान हलविली. मग आम्ही बंधूंना म्हणालों, "अटीमुळें जी तूट येईल ती आमच्या हिश्शांतून वळती करा. तुमच्या वाट्याला आजच्या प्रस्तावापेक्षां एक रुपया कमी येतां कामा नये. वर्षभर गिऱ्हाईक पाहूं. नाहींच मिळाला, तर सही करूं आणि त्याबद्दल पुढें बोलणार नाहीं."

"वर्षभर?" ते म्हणाले. "बरें. पण यंदाच्या पावसाळ्यापूर्वीं कौलें तुम्ही येऊन चाळून द्यायचीं."

आम्हीं तें कबूल केलें. गिऱ्हाईक मिळेल कीं नाहीं, हें आज सांगवत नाहीं. हें लिहितों आहों तोंपर्यंत दोघे येऊन पाहून गेले. एकाला चौक आवडला, दुसऱ्याला नुसती जागा. मात्र नकाशा आम्हीं नवा करविला आहे. माजघरामागच्या चौकोनांत आतां 'आत्याबाईंची खोली' असें लिहिलें आहे. आणि त्या खोलींतलें सामान बाहेर काढून, भिंत झाडून, तेथें एक दिवा लावण्याचें काम बंधूंनीं, आम्हीं न सांगतांच, आधीं करून ठेवलें होतें.